दोनशे दहा पावलांचं मत

दोंडाईचाचा हिवाळा लाल असतो. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या उघड्या मैदानांवर, दिवाळीनंतर मिरचीचा थर पसरला की वारा कुठून येतोय ते शिंकांवरून कळतं. अशाच एका पथारीच्या कडेला, गोणपाटाच्या सावलीत, हुस्नबानो गेली एकवीस वर्षं मिरचीचे देठ खुडते आहे. सोबत आणखी पंचवीस बाया. तिथे आवाज दोनच, देठ तुटल्याचा आणि भिकुबाईच्या जिभेचा.

यंदा नगरपालिकेची निवडणूक ऐन मिरचीत आली, आणि हुस्नबानोला पथारीवर नळ हवा होता. रस्ता नको, दिवे नकोत, नळ. तिची नात मिसबाह आठ महिन्यांची होती. मिरचीचे हात भरपूर पाण्याशिवाय निवळत नाहीत, आणि घरी नळाला पाणी चार दिवसांनी. पथारीला जवळचा म्हणावा तर वळणापलीकडचा हातपंप, तिथे संध्याकाळी ही रांग. एकदा घाईत अर्धवट धुतलेला हात पोरीच्या गालाला लागला आणि तिने गल्ली गोळा केली. तेव्हापासून सासू गल्लीत दिसली की सून खुशनुमा पोरीला आतल्या खोलीत नेई. हुस्नबानोचे हात निवळेपर्यंत मिसबाह झोपलेली असे. पंधरा दिवसांत तिने नात जागी पाहिली ती शुक्रवारी, सुट्टीला.

प्रचाराला पहिला आला किरणभाऊ. मागे फोटोवाला. आला तो थेट उकिडवा बसला आणि त्याने हुस्नबानोचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"खाला, या हातांचे कष्ट दिसतात मला."

"भाऊ, अजून एकदा," फोटोवाला म्हणाला. भाऊंनी हात अजून एकदा घेतले, नीट चोळून घेतले. मग मन भरून आल्याचं दाखवायला बोट डोळ्याच्या कोपऱ्याकडे नेलं.

ते बोट वर जाताना हुस्नबानोला दिसलं होतं. एक शब्द पुरला असता. तिने खाली बघून एक देठ खुडला.

पुढचं भरून येणं खरं होतं. "पाणी!" भाऊ ओरडले.

"पानी नही शे, भाऊ," भिकुबाई शांतपणे म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नही म्हंजे नही. तेच सांगनं व्हतं, पन तुम्ही फोटोमा व्हतात."

गाडी पुढच्या वस्तीत गेलेली, फोटोवाल्याकडे बाटली नाही. शेवटी हुस्नबानोने भाऊंना आपलं कोपर धरायला लावलं आणि हातपंपाकडे नेलं. वाटेत भाऊ गटारीच्या तुटक्या फरशीला ठेचकाळले. पंपावर नऊ बाया रांगेत होत्या.

"कोण आहेत?" एकीने विचारलं.

"मत मागायला आलेत."

"मग उभे करा रांगेत."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पथारीवर पाण्याचा टँकर उभा राहिला. टँकरवर विरोधी उमेदवार योगेंद्रनानांचा हात जोडलेला फोटो. बाया कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या. खुशनुमा येऊन दोन हंडे घरी नेऊ लागली. हुस्नबानोला सलग चार संध्याकाळी नात जागी मिळाली.

"मत टँकरले," भिकुबाईने जाहीर केलं. "त्या किरनना डोया आपन जाळा. तो आपले नळ दी?"

हुस्नबानोलाही तेच वाटत होतं, ज्याचे डोळे आपण जाळले तो नळ कशाला देईल. तरी तिने टँकरवाल्या पंडितला सहज विचारलं, "मतदान झाल्यावर टँकर कुठे?"

पंडित सरळ माणूस. "सोनगीरला. लग्न आहे," तो म्हणाला.

योगेंद्रनाना आले तेव्हा तिने त्यांनाच विचारलं, "नाना, नळ कुठे लावाल?" नाना म्हणाले, "नियोजनानुसार, योग्य ठिकाणी." भिकुबाईने ते योग्य ठिकाण आभाळात शोधून पाहिलं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी किरणभाऊ पुन्हा आला. एकटा, चार हात लांब, दोन्ही हात खिशात.

"भाऊ, नळ कुठे लावाल?"

"या बाभळीखाली," तो म्हणाला. "पंप दोनशे दहा पावलं आहे. एकशे चाळिसाव्या पावलाला फरशी तुटलीय."

"मोजनं का काय?" भिकुबाई म्हणाली.

"डोळे मिटलेला माणूस दुसरं काय करणार, अक्का?"

हुस्नबानोच्या हातातला देठ हातातच राहिला. "भाऊ, त्या दिवशी मला सांगता आलं असतं."

"माहीत आहे, खाला. फोटोत तुम्ही हसताय."

हुस्नबानोने तो देठ खुडला आणि बाभळीकडे पाहिलं.

किरणभाऊ एकतीस मतांनी निवडून आला. बाभळीखाली नळही लागला, जानेवारी सरता सरता. पण त्याला पाणी यायचं पहाटे सहाला, तेव्हा पथारीवर कुत्र्यांशिवाय कोणी नसे. हुस्नबानो भाऊंच्या घरी गेली, परत गेली, शेवटी तर भाऊंची आई तिला न विचारताच चहाचा कप पुढे करू लागली. वेळ संध्याकाळी साडेपाचची झाली तेव्हा मिरचीचे जेमतेम तीन आठवडे उरले होते.

त्या दिवशी ती उजेड असतानाच घरी पोचली. खुशनुमाने तिचे तळहात नाकाजवळ नेऊन हुंगले आणि मिसबाहला तिच्या मांडीवर ठेवलं. पोरीने आधी आजीची नथनी ओढली, मग केस.

"मत कुणाला दिलंस गं?" केस सोडवत हुस्नबानोने सुनेला विचारलं.

"मत गुप्त असतं, अम्मी."

"टँकरला दिलंस."

खुशनुमाने तव्यावरची भाकरी उलटली.

"पाणी गार होतं," ती म्हणाली.