केपेबलच्या पुढे ऑफ

धरणगावच्या स्टँडवरून धुळ्याची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर अर्जाची प्रत होती आणि ओठांवर एकच वाक्य, 'आय ॲम केपेबल टू वर्क हार्ड.' ऐंशीच्या दशकातले ते दिवस. नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. नाव लागलं नाही तर पावसाळ्याआधी लग्न, असं घरी ठरलेलंच होतं. सोबत आत्या होती, तिला सगळे अक्का म्हणत.

पारोळ्याच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. निंबाच्या सावलीत उतरून बसलो. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं, मधूनच वावटळ. अक्काने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा फडक्यातून काढला. शेजारी एक निवृत्त मास्तर होते, त्यांनाही अर्धी दिली. माझं पुटपुटणं ऐकून ते म्हणाले, "टू नाही बेटा. केपेबलच्या पुढे ऑफ येतो आणि क्रियापदाला आयएनजी. केपेबल ऑफ वर्किंग."

मी हातातली प्रत उघडून पाहिली. अर्जातही 'टू'च गेला होता.

"नाना, तिले बठ्ठं करता येस," अक्का ठसक्यात म्हणाली (तिला सगळं करता येतं).

"येत असेल हो अक्का. पण तिथे इंग्रजीत सांगावं लागेल." टायर बदलेपर्यंत त्यांनी माझ्याकडून वाक्यं घोटून घेतली.

धुळ्याला पोचलो तर माझं नाव पुकारून झालेलं. शिपायाच्या विनवण्या केल्या, तेव्हा सर्वांत शेवटी आत सोडलं. मेट्रनबाईंनी इंग्रजीत विचारलं, तुला काय काय जमतं? 'आय ॲम केपेबल ऑफ...' इथवर आले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

"मराठीत सांग," त्या म्हणाल्या.

आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती. तिला उठवणं, पुसणं, कूस बदलणं मीच करायचे. फाल्गुनात ती गेली. एवढंच सांगितलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आता हेच इंग्रजीत म्हण."

"आय वॉज केपेबल ऑफ... लिफ्टिंग माय मदर."

परतीच्या गाडीत अक्काने विचारलं, "काय सांगी उनी व?" (काय सांगून आलीस गं?)

मी अर्थ सांगितला. आईला मी उचलू शकत होते.

"एकलीच उचले तू तिले," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला. आई गेल्यापासून मी रडले नव्हते. पारोळा येईपर्यंत रडले.

पंधरा दिवसांनी यादीत नाव लागलं. पुढे इंग्रजी रोजच लागायचं, आलंही. पण त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, आई वाचली नाही म्हणजे माझ्या हातून काहीच झालं नाही. झालं होतं, हे मला परक्या भाषेत बोलताना कळलं.