मामांचं पागोटं घालून मी राजा झाले

भाताची झोडणी झाली की दहिवलीतले पुरुष खळ्यावर नाटक करायचे. राजा व्हायचे माझे सासरे. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. बायांना बसायला मागे जागा, आणि मधे जाड घोंगडी टांगलेली. त्यामुळे आम्ही नाटक बघायचो नाही, ऐकायचो. लग्नानंतर चार सुग्या ऐकून राजाची सगळी भाषणं मला पाठ झाली. भात कांडताना म्हणायला लागले तर जाऊ प्रधानाची उत्तरं द्यायची.

एक दिवस तीच म्हणाली, "आपून करू या का गं?"

पुरुष कर्जतच्या बाजाराला गेले, त्या दुपारी आळीतल्या बाया आमच्या पडवीत जमल्या. मी कासोटा घातला, काजळानं मिशा काढल्या आणि खुंटीवरचं मामांचं पागोटं डोक्यावर चढवलं. सासूबाई सगळ्यांत पुढे बसल्या. मी पहिलं वाक्य ठणकावून म्हटलं आणि बाया हसायच्या थांबल्या. इतका मोठा आवाज मी त्या घरात कधी काढला नव्हता.

खेळ रंगात आला होता. तेवढ्यात बाजारातून लवकर परतलेले मामा दारात.

"उतरव ते पागोटं!"

जाऊ पळाली. माझा हात पदराकडे गेला, पण पदर कमरेला खोचलेला. मग मी हात खाली घेतला.

"दरबार संपला की उतरवते, मामा."

सासऱ्यांशी तोंड वर करून मी पहिल्यांदाच बोलत होते. ते पुढे सरले, तशा सासूबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "बायांचा खेळ हाय. तुमी भायेर बसा."

मामा बाहेर गेले. मी शेवटपर्यंत खेळ केला, प्रधानाशिवाय.

दुसऱ्या दिवशी मला माहेरी, कुंभिवलीला धाडलं. बाईनं पागोटं बाटवलं, असं गावभर झालं होतं. माझी आई आधी रडली. मग शेजारणी येऊन विचारू लागल्या, "राजा कसा केलास गं?" मी करून दाखवला. दोन दिवसांनी आमच्या अंगणात कुंभिवलीच्या बायांचा दरबार भरला, आणि प्रधान झाली माझी आई.

महिन्याभरानं नवरा न्यायला आला. अंगणातच उभा राहिला.

"बाबा इचारतात, पुन्यांदा करशील?"

"करीन."

"माफी तरी माग."

"कशाची?"

तो बैलगाडीकडे वळला. मग म्हणाला, "चल. बैल खोळंबलेत."

मामा त्यानंतर माझ्याशी कधीच बोलले नाहीत. काही हवं असलं तर "तिला सांगा" म्हणायचे. ते पागोटंही त्यांनी पुन्हा घातलं नाही, म्हणून ते माझं झालं. पुढच्या सुगीला पडवी पुरेना, आम्ही मागच्या अंगणात खेळलो. दात पडेपर्यंत मी राजा होते. दात पडल्यावर राक्षस झाले, त्याला नुसतं ओरडायचं असतं.