रोजमेरीला गीझरचं पाणी

लेकीच्या उजव्या कानामागे रुपयाएवढी चाई पडली तेव्हा ती बारावीला होती. इथल्या पाण्यानं केस जातात असं बहरीनमधली प्रत्येक बाई म्हणते, मीही म्हणायची. पण हे गळणं नव्हतं. तिथं एक केस शिल्लक नव्हता. पोरीनं टोपी घातली ती घरातसुद्धा काढेना. डॉक्टरांनी मलम दिलं. तिनं मात्र कुठंतरी वाचून रोजमेरीचं एक रोप आणलं आणि त्याच्या फांद्या खोचून बाल्कनीत तीन कुंड्या केल्या. पाला उकळायचा, पाणी गार करायचं, कापसानं लावायचं. पाचव्या महिन्यात तिथं बारीक लव आली. मलमाची की पाल्याची, कोण जाणे. तिच्या लेखी रोजमेरीचीच.

म्हणून जुलैत दोन कुंड्या काळ्या पडल्या तेव्हा ती खालीच बसली. नागपूरच्या कॉलेजात ॲडमिशन झालेली, शनिवारचं तिकीट काढलेलं, आत्यानं खोली झाडून ठेवलेली. आणि ही म्हणते, "केस परत गेले तर? आय ॲम नॉट गोइंग."

माझं डोकं फिरलं. नवरा सलमाबादच्या वर्कशॉपमधून आला, त्याला बूटही काढू दिले नाहीत. "अवो, तुमच्या त्या एसीच्या पाण्यानं जाळली पोरीची झाडं! हजारदा सांगितलं, नका घालू ते बादलीतलं पाणी!" त्यानं कुंड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "चुकलं."

हा रविवार. त्या दिवसापासून लेक बापाशी बोलेना. तो विचारायचा, "जेवली का, बाई?" ही मोबाइलमध्ये. बॅग अर्धी भरून उघडीच पडलेली. मी दोघांच्या मधून ताटं नेत होते आणि मनात नवऱ्याला शिव्या घालत होते. पोरगी गेली नाही तर तिचं वर्ष बुडणार, आणि अशीच गेली तर बापाशी कायमची अढी धरून जाणार.

मंगळवारी दुपारी एकला ती एसी लावून झोपली होती. मी बाल्कनीत गेले. दाराआडच्या, एरवी माझ्या लक्षात न येणाऱ्या तिसऱ्या कुंडीची माती कोरडी ठक्क. आठवड्यातून दोनदाच पाणी, असं तिनं बजावलेलं होतं. पण रोप डोळ्यांदेखत तहानलेलं मला बघवत नाही. रोजच्यासारखा नळाखाली मग्गा धरला, उचलला आणि पाणी पायावर सांडलं.

"आई गं!"

पाय भाजला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी भर दुपारी कसलं असतं, हे मला काय नवीन होतं? उन्हाळाभर आम्ही गीझर बंद ठेवतो आणि अंघोळीला त्यात साठून निवलेलं पाणी घेतो, कारण घरात त्यातल्या त्यात गार तेवढंच. अठरा वर्षं इथं काढली, आणि मी रोज दुपारी लेकीच्या झाडांना उकळतं पाणी पाजत होते. मायेनं, वरून गुपचूप.

मग्गा मोरीत ओतला. सांगावं की नाही? सांगितलं तर पोरगी माझ्याशीही बोलणार नाही, आणि मग तिला विमानात कोण बसवणार? गप्प राहिले. भीतीनं राहिले, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी नेहमीसारखे तिघं वंदनेला बसलो. लेक बापाकडे पाठ करून. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही म्हणतात तिथं, माझा आवाजच निघेना. ते दोघं पुढे गेले, मग थांबले.

"मी मारली," मी म्हणाले. "झाडं मीच मारली. रोज दुपारी टाकीचं गरम पाणी घालत होते."

लेक वळून बघत राहिली. नवरा मेणबत्तीकडे बघत म्हणाला, "मले माहीत होतं. शुक्रवारी सुट्टी होती, तेव्हा पाहिलं मी तुले, मग्गा घेऊन."

"मग काहून नाही बोलले?" माझा आवाज चढलाच. "तेव्हाच हात धरायचा ना माझा!"

"तेव्हा कुठं समजलं? झाडं काळी पडल्यावर समजलं. मी दिवसभर वर्कशॉपला असतो. तिले घरात तुह्यासंगं राहा लागते. तुमचं बोलणं बंद झालं असतं, त तिची बॅग कोणं भरली असती?"

मला रडू फुटलं. लेक उठून गेली, दार आपटलं. संपलं, मला वाटलं.

पाच मिनिटांनी ती कात्री घेऊन बाल्कनीत गेली. तिसऱ्या कुंडीची एक हिरवी फांदी कापून आणली, खालची पानं काढली, कपात माती भरून खोचली आणि कप बापाच्या हातात दिला. टोपी डोक्यावर नव्हती.

"बाबा, मी गेल्यावर हे तुम्ही सांभाळायचं. खिडकीत ठेवा. ओन्ली गीझर वॉटर, ट्वाइस अ वीक," ती म्हणाली. "आणि मम्मीला हात लावू द्यायचा नाही."