बाबांचा उजवा हात

लकव्याने बाबांची वाचा गेली आणि उजवा हात गेला. चर्चच्या पाळकाचं भांडवल हेच. परतवाड्याच्या पुढच्या गावांत भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन हिंडणारे बाबा आता अमरावतीत माझ्या घरी खिडकीपाशी बसून असायचे.

रविवारी उपासना सुटली की मंडळीतले लोक यायचे. बाबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. प्रार्थना इतकी लांबायची की आत माझ्या चहाचा काढा व्हायचा. माणसं प्रेमाने यायची, मला कळत होतं, तरी राग यायचा. बाबांना तर माझ्याहून जास्त. डोक्यावर हात पडला की ते डाव्या हाताने तो झटकून टाकत. लोक एकमेकांकडे बघत. एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, साहेबांचा विश्वास डळमळला आहे, घरात उपास-प्रार्थना ठेवा. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. देवाच्या सेवेच्या ज्या पाचारणासाठी आईने, मी, सगळ्यांनी इतकं सोसलं, तेच बाबांनी सोडलं असेल तर मागे काय उरलं? विचारणार कोणाला? ते बोलत नव्हते.

मग एका दुपारी परतवाड्याहून त्यांच्या जुन्या मंडळीतली एक म्हातारी आली. मला वाटलं, हीसुद्धा हात ठेवणार. पण ती धापा टाकत बाबांच्या पायाशी खाली बसली आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"उद्या आपरेशन हाय माय," ती मला म्हणाली. "पाळकसायबाचा हात डोक्शावर घ्याले आली."

कितीतरी महिन्यांत बाबांकडे कोणी काही मागितलं नव्हतं; सगळे त्यांच्यासाठीच मागायला यायचे. त्यांचा चेहरा बदलला. डावा हात चांगला होता, पण आशीर्वाद उजव्यानेच द्यायचा ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलला, तिच्या डोक्यावर ठेवला. तो घसरून मांडीवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मला बघवेना. मी पुढे होऊन तो हात तिच्या डोक्यावर धरून ठेवला.

बाबांनी तोंड उघडलं. नुसता घोगरा आवाज आला. मग ते माझ्याकडे बघू लागले.

"बोल ना पोरी," म्हातारी म्हणाली. खाली मान घालून तिला कसं कळलं कोण जाणे. "तुयाकडंच पाहून रायले ते."

मी कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. पाळकाच्या घरात वाढले, पण लोकांसमोर प्रार्थना कधी केली नाही. ते बाबांचं काम होतं. मी डोळे मिटले. "प्रभू, उद्या हिचं ऑपरेशन आहे," एवढं म्हणाले आणि पुढे काहीच सुचेना. बाबांचा हात जड झाला होता. आमेन म्हटलं असतं तर म्हातारी उठली असती, पण आमेन म्हणण्याइतकी प्रार्थना झालीच नव्हती. ती तशीच मान वाकवून वाट बघत राहिली, आणि मी बाबांचा हात तिच्या डोक्यावर धरून पुढचा शब्द शोधत राहिले.