कढीलिंबाभोवतीची जाळी

रस्त्यावर स्कूटरचा धक्का लागून जखमी झालेला एक घोयरा सरडा, म्हणजे रंग बदलणारा शॅमेलिऑन, वनखात्याच्या माणसांनी बरा होईपर्यंत माझ्या बहिणीकडे ठेवला होता. सुमनताई जनावरांची डॉक्टर. तिने त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, तर तो काळवंडला आणि चार दिवस काही खाईना. "याला आता औषध नको, झाड हवंय," ती म्हणाली. मग आम्ही दोघांनी अंगणातल्या कढीलिंबाभोवती बांबू रोवले, वरपासून खालपर्यंत बारीक जाळी ताणली आणि त्याला फांदीवर सोडलं.

सकाळी पाहतो तर तो कुठेच दिसेना. एका कोपऱ्यात जाळीची शिवण उसवली होती, आणि ती मीच घातलेली. "ताई, माझ्यामुळे गेला गं तो!" ती नुसती झाडाकडे बघत उभी राहिली. मीही उभा राहिलो. एखाद्या झाडाकडे असं निवांत पाहून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे. शोधायच्या घाईत आपण झाड पाहतच नाही.

तेवढ्यात माझ्या नाकासमोरच्या डहाळीवर एक डोळा गर्रकन फिरला. हिरव्या पानांत तो हिरवागार होऊन बसला होता! लांबलचक जीभ सुटली आणि पानावरचा नाकतोडा नाहीसा झाला.

"खाल्लं रे, खाल्लं!" म्हणत ताईने माझा दंड घट्ट धरला. बराच वेळ तिने तो सोडलाच नाही. इतका वेळ तीही घाबरलेलीच होती, हे मला तेव्हा कळलं.