कोणालाही सुचलं असतं

साठच्या दशकाच्या सुरुवातीला सनद घेऊन गावी परतलो, तेव्हा देवगडपासून सावंतवाडीपर्यंत माझ्याइतका हुशार वकील नाही अशी माझी पक्की खात्री होती. इतर कोणाची नव्हती, त्यामुळे पक्षकार येत नसत. पहिला आला तो कुडाळचा एक लोहार.

मसुऱ्याच्या एका बाईंनी पायांनी चालवायच्या शिलाई मशीनला नारळ खवायचं दातेरी पातं जोडलं होतं. पाय हलवले की पातं फिरे. त्याचं त्यांनी रीतसर पेटंट घेतलं. माझ्या लोहाराने तसंच यंत्र विकायला काढलं आणि बाईंनी दावा ठोकला. हरलो तर त्याचं दुकान बसणार होतं.

"घाबरू नका," मी म्हटलं, "यात कसला आलाय शोध? कोणालाही सुचलं असतं!"

पेटंट उडवायला तेच सिद्ध करायचं होतं. पण मशीन जुनं, पातं जुनं, एवढ्याने भागत नाही. ती दोन एकत्र जोडावीत असं साध्या कारागिराला का वाटलं असतं, तेही दाखवावं लागतं. मला झकास युक्ती सुचली. आमच्याकडे लग्नाआधी शिंपी मशीन घेऊन घरीच येऊन बसे. त्याच पडवीत बायका दातेरी पात्याच्या आडाळ्यावर बसून जेवणावळीचे नारळ खवत. म्हणजे मशीन, पातं आणि दुखणारे हात एकाच छपराखाली! मी एका म्हाताऱ्या शिंप्यालाच साक्षीला उभं केलं.

"बायकांचे हात दुखताना दिसत?" मी विचारलं.

"दिसत तर! सगळ्या लग्नांत."

मी ऐटीत खाली बसलो. न्यायाधीशांनी सहज विचारलं, "मग मशीनला पातं जोडावं असं तुम्हाला कधी वाटलं?"

"नाय ओ साहेब. तां बायलांचां काम."

"दुसऱ्या कोणाला?"

"कोणाकच नाय."

जन्मभर डोळ्यांसमोर असून कोणाला न सुचलेली गोष्ट उघड कशी, हे बाईंच्या वकिलाला सांगावंही लागलं नाही. त्यांचं काम मीच करून ठेवलं होतं. पेटंट टिकलं. लोहाराने यंत्रं करणं बंद केलं, आणि माझ्याशी बोलणंही.

घरी आलो तर आई नारळ खवत बसली होती. मी तणतणलो, "आये, न्यायाधीशाक कायेक कळणा नाय! ह्यां यंत्र कोणाकय सुचलां असतां!"

आईने दुखरा अंगठा पदराला पुसला. "मगे तुका कित्याक नाय सुचलां?"

मला मनापासून लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मसुऱ्याला यंत्र आणायला गेलो. बाईंनी मला ओळखलं, आणि ते कसं चालवायचं ते सावकाश, दोनदा समजावून सांगितलं.