इंदिराबाईंची शेवटची तोंडी परीक्षा

घरी कोणी आलं की इंदिराबाई आधी त्याच्या पायांकडे बघत. घोट्यावर मोज्याचा वळ खोल उमटलेला दिसला, तर नमस्कार घ्यायच्या आधीच अंगठ्याने नडगी दाबून पाहत. "खड्डा राहतोय. हृदय दाखवून घ्या."

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. इंदिरा गड्डम आमच्या शेजारी राहत. घरात माग असलेल्या तेलुगू कुटुंबातल्या या बाई मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत. निवृत्त होऊनही खूप वर्षं झाली होती. तुमची आई शाळेत असताना तिला त्यांनी हृदयाची पेशी समजावली ती आमच्या स्वयंपाकघरात, काकडीच्या चकत्यांवर मीठ टाकून. चकत्यांना पाणी सुटलं.

"मीठ जाईल तिकडं पाणी जाणार की! तू घाबरलीस की ॲड्रेनॅलिन सुटतं. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम शिरतं, ठोका जोरात पडतो. त्याच वेळी पेशीचा पंप मिठातलं सोडियम भराभर बाहेर उपसतो. नाही उपसलं, तर पेशी फुगली!"

तोंडी परीक्षेत त्या फार कडक. उत्तर बरोबर आलं तरी शाबासकी नाही, फक्त "पुढचा." त्या एका शब्दासाठी विद्यार्थी जीव टाकत. थकलेल्या हृदयाला ॲड्रेनॅलिन रोखणारी गोळी द्यावी असं कोणी म्हणालं, तर मात्र सरळ नापास. "चढणीवर गाडी बंद पडत आलीय आणि तू ब्रेक दाबतोस होय रे?" त्यांच्या काळची पुस्तकंही तेच सांगत.

मागच्या वर्षी तो खड्डा त्यांच्याच नडगीवर पडला. हृदय थकलं होतं. त्यांच्यावर उपचार करणारा शिरीष त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने नेमकी तीच गोळी लिहून दिली.

"अय्यो, ह्याला मी नापासच केलं असतं," घरी आल्यावर त्या म्हणाल्या.

"अहो, आता शास्त्र बदललंय म्हणतो ना तो?" मी म्हटलं.

"शास्त्र बदललं असेल, प्रभाताई. सोडियम बदललं का?"

सुरुवातीला गोळीने थकवा वाढला. तसं होईल, पण थांबवू नका, असं शिरीषने बजावलं होतं. बाईंना मात्र तो आपल्याच शिकवणीचा पुरावा वाटला. कोणाला न सांगता त्यांनी गोळी बंद केली. तरतरी आली. माझ्याबरोबर नवी पेठेत जाऊन साडी घेतली आणि दुकानातच मला म्हणाल्या, "सोडली मी ती गोळी. बघा, कोण पास झालं?" मी फार सांगून पाहिलं. ऐकलं नाही.

ती साडी नेसणं झालं नाही. फुप्फुसात पाणी चढलं. रुग्णालयात त्या उशांना टेकून बसूनच असत, आडवं होताच येईना.

"गोळी का सोडलीत, बाई?" माझ्याकडून कळल्यावर शिरीषने विचारलं.

"तू का दिलीस ते सांग. तोंडी आहे समज."

तो पलंगाशी ताठ उभा राहिला. "बाई, घटकाभराचं ॲड्रेनॅलिन हृदयाला बळ देतं. पण थकलेल्या हृदयावर त्याचा मारा थांबतच नाही. पेशीत सोडियम साठतं, कॅल्शियम आवरत नाही, पेशी मरायला लागतात. मूत्रपिंडही मीठ धरून ठेवतं. गोळी तो मारा अडवते. आधी थकवा येतो, मग हळूहळू हृदय सावरतं."

"आणि मीठ..." त्यांना दम लागला.

"मीठ जाईल तिकडं पाणी," त्याने वाक्य पुरं केलं.

त्यांनी डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाल्या, "पुढचा."

तो त्यांचा शेवटचा शब्द. शिरीष मात्र तिथून हलेना.